काटक माणसालाही शुगर का होते? पुण्याजवळच्या सहा गावांतून मिळालेलं उत्तर

"शुगर म्हणजे शहरात बसून खाणाऱ्या माणसाचा रोग. आपण उन्हातान्हात राबणारी माणसं, अंगावर मूठभर मांस नाही, आपल्याला कुठली शुगर?" पारावर, डेअरीवर, दवाखान्याच्या ओट्यावर हे बोलणं आजही कानावर येतं. या समजुतीपायी आपल्याकडची कितीतरी माणसं तपासणीलाच जात नाहीत. मग कळतं कधी? पायाची जखम चिघळल्यावर, नाहीतर नजर अंधूक झाल्यावर.

ही समजूत चुकीची आहे हे दाखवणारं मोठं काम आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या शेतकरी गावांत झालंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली तीस वर्षं हे काम करताहेत. जगभरातले डॉक्टर त्याचा दाखला देतात. पण ज्या घरांना ते सगळ्यात जास्त उपयोगी आहे, त्या आपल्या घरांपर्यंत ते फारसं पोचलेलं नाही. म्हणून ते साध्या भाषेत समजून घेऊ.

आधी शुगर म्हणजे काय ते बघू

आपण भाकरी, भात, चपाती काहीही खाल्लं तरी त्याची शेवटी साखर होते आणि ती रक्तात उतरते. ही साखर अंगाला लागते, कामाची ताकद तिच्यातूनच मिळते. पण ती रक्तातून अंगात शिरायला इन्सुलिन लागतं. पोटातलं स्वादुपिंड हे इन्सुलिन तयार करतं.

पाटाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. पाट म्हणजे रक्त, पाणी म्हणजे साखर आणि दारं धरणारा माणूस म्हणजे इन्सुलिन. दारं धरणारा नसेल, किंवा आहे पण वाफ्याचं तोंडच बुजलंय, तर काय होतं? पाट तुडुंब भरतो आणि वाफा कोरडाच राहतो. शुगरच्या पेशंटचं नेमकं हेच होतं. रक्तात साखर भरपूर आणि अंगात ताकद नाही.

रक्तातली साखर सगळ्यात जास्त वापरतात ते आपले स्नायू. आणि दारं बुजवायला मोठा हात असतो पोटातल्या चरबीचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

दोन डॉक्टर आणि एक फोटो

२००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. त्यात दोन डॉक्टर होते. एक आपले याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. हा आकडा चांगला समजतात. दोघंही जाड नाहीत.

मग दोघांच्या अंगातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त! हाच हिशोब ६० किलोच्या माणसाला लावला तर एकाच्या अंगात साडेपाच किलो चरबी आणि दुसऱ्याच्या अंगात जवळजवळ पावणेतेरा किलो. वजनकाट्यावर मात्र दोघं सारखेच.

दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी पहिलं अक्षर वाय. त्यामुळे जगभर हा फोटो 'वाय-वाय' म्हणून ओळखला जातो. सांगायचं ते एवढंच, की वजनकाटा अंगातली चरबी दाखवत नाही. हातपाय काटकुळे आणि पोटात चरबी, अशी ठेवण आपल्याकडे भरपूर दिसते. बारीक दिसतो म्हणून सुटलो, असा हिशोब चालत नाही.

सहा गावं आणि गरोदर बाया

पण ही ठेवण येते कुठून? खाण्यापिण्यातून, की जन्मापासूनच? इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्याआधी एक गोष्ट मांडली होती. जन्मताना ज्यांचं वजन कमी होतं, त्यांना मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो. आपल्याकडे तर कमी वजनाची बाळं घरोघर. मग आपल्याकडे काय होत असेल?

हे शोधायला याज्ञिकांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या बायांची आधी नोंद केली. बाई गरोदर राहिली की तिचं वजन, जेवण, काम, रक्त सगळं तपासलं. बाळ जन्मलं की त्याचंही माप घेतलं. वजन तर घेतलंच, शिवाय लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर आणि चिमटीत धरून कातडीखालच्या चरबीची जाडीही मोजली.

या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास आणि उंची साधारण पाच फूट. दिवसभर शेतात काम, पाणी आणणं, धुणीभांडी. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे २.७ किलो. साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचं होतं ३.५ किलो.

आपली बाळं लहान निघणार हे अपेक्षितच होतं. खरं आश्चर्य पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला किडकिडीत आणि अंगाच्या मानाने चरबी जास्त. याज्ञिकांच्या गटाने २००३ मध्ये हे जगापुढे मांडलं. बारीक दिसणारं पण चरबी जपून ठेवणारं बाळ, ही आपल्या बाळांची ओळख तेव्हापासून पक्की झाली.

आपण शेतकऱ्यांना हे पटकन कळेल. रोपवाटिकेतच रोपाची उपासमार झाली तर मुळी जोमदार होत नाही. पुढे तेच रोप शेतात लावून युरियाचा मारा केला तर नुसता पाला माजतो, दाणा भरत नाही. पोटात असताना उपाशी राहिलेल्या बाळाचं तसंच आहे. स्नायू कमी, स्वादुपिंडाची ताकद कमी. पुढे मोठेपणी वडापाव, बिस्किट, गोड चहा, मोटारसायकल असं सगळं आलं की ते अंगाला झेपत नाही.

आईच्या ताटात काय होतं?

याच गावांत जेवणाचाही हिशोब ठेवला. ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं तुलनेने चांगल्या मापाची निघाली. ज्यांना गरोदरपणात जास्त कष्टाचं काम पडलं, त्यांची बाळं लहान निघाली.

रक्त तपासल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. दर तीन बायांमागे दोघींच्या रक्तात व्हिटॅमिन बी-१२ कमी होतं. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. बी-१२ मिळतं दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यातून. पालेभाजी, डाळ, भाकरीत ते नसतं. शाकाहारी घर आणि दूध सगळं डेअरीला, मग घरातल्या बाईच्या वाट्याला बी-१२ येणार कुठून?

ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्यात इन्सुलिन नीट लागू न पडण्याची खूण सगळ्यात ठळक होती. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. याचा अर्थ गरोदर बाईने फॉलिक अॅसिडची गोळी बंद करायची असा अजिबात नाही. त्या गोळीने बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे जन्मदोष टळतात. ती घ्यायचीच. फक्त जोडीला बी-१२ सुद्धा कमी पडू देऊ नका, एवढाच मुद्दा आहे.

तीच मुलं अठरा वर्षांची झाली

या अभ्यासाचं वेगळेपण म्हणजे त्यांनी मुलांना सोडलं नाही. ६, १२ आणि १८ व्या वर्षी बोलावून तपासलं. गावकऱ्यांनीही साथ दिली.

अठराव्या वर्षीचा निकाल मात्र काळजी वाढवणारा आहे. सुमारे ६०० जणांच्या तपासणीत १०० मुलग्यांमागे ३७ जणांची आणि १०० मुलींमागे १८ जणींची साखर नेहमीपेक्षा वाढलेली निघाली. यातले बहुतेक अजून मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते, पूर्ण मधुमेह कमी जणांना. पण वय फक्त १८! आणि हा गट जाडजूड पोरांचा नव्हता. तपासलेल्या मुलामुलींपैकी ४८ टक्के वजनाने कमीच होती.

ज्यांची साखर वाढलेली निघाली, त्यांची पोटातली वाढ कमी झालेली होती. आणि त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या, बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती. म्हणजे चाळिशीत दिसणाऱ्या रोगाची पेरणी फार आधी झालेली असते.

मग यावर उपाय? याज्ञिकांच्या गटाने २०१२ मध्ये याच पिढीतल्या मुलामुलींना लग्नाआधीपासून बी-१२ देऊन बघायला सुरुवात केली. एका गटाला बी-१२, एका गटाला बी-१२ सोबत इतर जीवनसत्त्वं, खनिजं आणि दुधाची पावडर, एका गटाला नुसती दिखाऊ गोळी. पुढे या मुलींना बाळं झाली. बी-१२ घेतलेल्या आयांच्या दोन वर्षांच्या बाळांची बुद्धीच्या वाढीची चाचणी काही बाबतींत सरस निघाली. बाळांची संख्या कमी होती, त्यामुळे हा पुरावा सुरुवातीचा आहे. या बाळांना पुढे शुगर कमी होते का, हे ती मोठी झाल्यावरच कळेल.

साखर वाढून राहिली तर काय होतं?

सतत जादा पाणी दिलं तर जमीन चिबड होते. आवाज होत नाही, एका दिवसात होत नाही. पीक पिवळं पडायला लागलं की कळतं आणि तोवर मीठ वर आलेलं असतं. शरीराचंही तसंच. साखर वर्षानुवर्षं वाढून राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होत जातात.

पाय: नसांची संवेदना जाते. आधी मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा. बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी, जखम भरत नाही. पाय कापायची वेळ बहुतेक वेळा अशा साध्या जखमेतूनच येते.

डोळे: आतला पडदा खराब होतो. सुरुवातीला काही जाणवत नाही. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "पडदा तपासा." वर्षातून एकदा तरी.

किडनी: लघवीतून प्रथिनं जायला लागतात. दुखत काहीच नाही. लघवीची आणि क्रिएटिनीनची तपासणी वर्षातून एकदा केली तर वेळेत कळतं. आपल्याकडे कंबर दुखली, गुडघे दुखले की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून रोज घ्यायची सवय आहे. शुगरवाल्याच्या किडनीला ती गोळी फार महागात पडते.

हृदय: शुगर असलेल्याला हार्ट अटॅक छातीत कळ न येताही येऊ शकतो. नुसता दम लागणं, घाम फुटणं, मळमळ यालाही हलकं घेऊ नका. शुगरसोबत बीपी, तंबाखू, बिडी असेल तर धोका आणखी वाढतो.

आणखी एक बी-१२ ची गोष्ट. शुगरसाठी सगळ्यात जास्त दिली जाणारी मेटफॉर्मिन गोळी चांगली आणि स्वस्त आहे, पण बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. त्यानेही पायाला मुंग्या येतात. म्हणून मुंग्या असतील तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

तपासणी कोणी, कशी करायची?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत, आणि उंबरठ्यावरचे त्याहून जास्त, १३ कोटींच्या वर. ग्रामीण भागातलं प्रमाण ८.९ टक्के आहे. शंभर मोठ्या माणसांत जवळजवळ नऊ.

वय ३० च्या पुढे गेलं की बारीक असा की जाड, तपासणी करायची. आई-वडिलांना शुगर असेल, बाईला गरोदरपणात साखर वाढली असेल, किंवा जन्मताना वजन कमी होतं असं घरचे सांगत असतील, तर त्याआधीही करा. आशाताई ३० वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरायला येतात, त्यात कमरेचं माप असतं. "मला काय झालंय" म्हणून त्यांना परत पाठवू नका. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि बीपी मोफत तपासतात.

आकडे असे वाचा:

- उपाशीपोटी १०० च्या आत: ठीक.
- उपाशीपोटी १०० ते १२५: उंबरठ्यावर.
- उपाशीपोटी १२६ किंवा जास्त: मधुमेह. लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात.
- एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी: ५.७ ते ६.४ उंबरठ्यावर, ६.५ आणि पुढे मधुमेह.
- कमर: पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर यापेक्षा जास्त असेल तर धोका. पँटचा नंबर धरू नका. श्वास सोडून, बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध टेप लावा.
- गरोदर बाई: पहिल्या तपासणीला आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा जास्त आलं तर उपचार लागतात.

घरात काय बदलता येईल?

- घरातल्या मुलीला आणि सुनेला शेवटी उरलंसुरलं जेवायला ठेवू नका. डेअरीला घालायच्या दुधातलं एक भांडं घरासाठी काढा. चालत असेल त्या घरात अंडी. परसात मेथी, चवळी, शेवगा.
- गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडा आणि शेतातलं जड काम घरातल्या इतरांनी उचला.
- शेतातलं काम हंगामी असतं. कामं सरली की पुरुषमाणूस दोन-दोन महिने मोटारसायकलवरून उतरत नाही. रोज अर्धा तास झपाझप चालणं सुटता कामा नये.
- ताटात भाकरी, भात थोडा कमी, भाजी, उसळ, डाळ जास्त. दिवसातून पाच-सहा गोड चहा होत असतील तर आधी तिथे कात्री लावा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, उपवासाच्या दिवशी साखर त्यानेच चढते.
- शुगर असेल तर अनवाणी शेतात जायचं नाही. रात्री झोपताना तळपाय उजेडात बघायचे, दिसत नसेल तर नातवंडाला दाखवायचे. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. बधिर पाय गरम पाण्यात घालायचे नाहीत, पोळलेलं कळत नाही.
- इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी राहू नका. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर किंवा गूळ खा आणि डॉक्टरांना कळवा.
- "महिन्यात शुगर मुळासकट बरी" म्हणणाऱ्या पुडीच्या नादाने चालू औषध सोडू नका.

उंबरठ्यावरच्या माणसाला वेळेत कळलं तर चालणं, खाणं आणि पोट कमी करणं यातून मधुमेह पुढे ढकलता येतो, कित्येकांना टाळताही येतो. ज्यांना झालाय त्यांनी साखर आणि बीपी ताब्यात ठेवला तर पाय, डोळे, किडनी पुष्कळ काळ वाचतात. पुण्याजवळच्या त्या सहा गावांतल्या आयांनी आणि लेकरांनी इतकी वर्षं दंडात सुया टोचून घेतल्या, त्यातून हे आपल्याला समजलं. पुढच्या वेळी आशाताई टेप घेऊन दारात आल्या की घरातल्या सगळ्यांनी, अगदी काटक माणसानेही, कमर मोजून घ्यावी आणि आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून यावं.

(औषधाचा कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.)